कोंबडी अडली, हे ओळखायचं कसं

गाय व्यायला अडते तशी कोंबडीही अंडं घालताना अडते. गाय अडली की सगळी वाडी गोठ्यात गोळा होते. कोंबडी मात्र खुराड्याच्या कोपऱ्यात गप्प उभी राहते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मेलेली सापडते. "काहीतरी चावलं असेल" असं म्हणून आपण पुढच्या कामाला लागतो. माझ्या पहिल्या वर्षी दोन कोंबड्या अशा गेल्या. दुसरी गेली तेव्हा पोट चाचपलं, तर आत अंडं होतं.

मी संगमेश्वर तालुक्यातली. परड्यात सोळा कोंबड्या आहेत, नऊ गावठी, पाच गिरिराज, दोन कावेरी (या दोन्ही सुधारित जाती). गावठी माझ्याकडे आजवर एकदाही अडली नाही. तिचं अंडं लहान, अंग चपळ, दिवसभर उकरत फिरते. अडतात त्या अंगाने भरलेल्या, आयतं खाऊन सुस्तावलेल्या. पहिल्यांदाच अंडी घालायला लागलेल्या तलंगा (तरुण कोंबड्या) आणि म्हाताऱ्या कोंबड्या यांच्यावरही डोळा ठेवावा लागतो.

अडलेली कोंबडी उभी कशी राहते ते एकदा पाहिलं की विसरत नाही. पाय फाकलेले, शेपूट खाली, छाती वर, जवळजवळ माणसासारखी उभी. थोड्या थोड्या वेळाने मागून जोर करते, शेपूट वरखाली हलतं. अंडी घालायच्या पाटीत जाते, बसते, उठते, पाटी रिकामीच. खात नाही. तुरा फिका पडतो, पुढे निळसर दिसायला लागतो. विष्ठा होत नाही, झाली तर पांढरट पाण्यासारखी थोडीशी.

नवखी माणसं इथे एक गल्लत करतात. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहणारी, कोंबडीही पाटी सोडत नाही, पण ती आजारी नसते. ती अंग फुलवते, क्लुक क्लुक करते, हात लावला की चोच मारते, आणि दिवसातून एकदा उतरून दाणापाणी करून भला मोठा गोळा टाकते. तिला रवणीला (अंडी उबवायला) बसवा, एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतील. बसवायची नसेल तर खालून वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस दाणापाणी देऊन ठेवा. खुडूक मोडायला तिला पाण्यात बुडवून काढतात, ते मला पटत नाही.

शंका आली की कोंबडी हातात घ्यायची. काखेत धरा, डोकं मागे, शेपूट तुमच्यासमोर. शेपटाखाली अंड्याच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक हाडांची टोकं लागतात. अंड्यावरच्या कोंबडीत त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं बसतात आणि वाट मोठी, ओलसर असते. अंडी बंद असलेल्या कोंबडीत जेमतेम एक बोट बसतं, वाट आवळलेली, सुकी. अशी सुकी असेल तर ती अडलेली असण्याचा संभव कमीच. तिची पिसं गळत असतील किंवा थंडीत दिवस लहान झाला असेल. पिसं गळताना दोन-तीन महिने अंडी थांबतात, त्याला औषध लागत नाही.

वाट ओली आणि पोट कडक असेल तर अलगद चाचपा, पुष्कळदा अंडं हाताला लागतं. नाही लागलं तर नखं कापून, हात धुऊन, बोटाला खोबरेल लावून बोटाची दोन पेरं हळूच आत घाला. अंडं असेल तर कडक टोक लागतं.

आता काय करायचं नाही ते आधी सांगते, कारण ही चूक मी केली आहे. पोट दाबून अंडं बाहेर ढकलायचं नाही. माझ्या हातात ते आतच फुटलं. कवचाच्या कपच्यांनी आतून कापलं आणि कोंबडी तीन दिवसांनी गेली. ती माझ्या चुकीने गेली, म्हणून जिथे सांगता येईल तिथे हे सांगते.

गेल्या मे महिन्यात एक गिरिराज अडली तेव्हा केलं ते असं. घमेल्यात तान्ह्या बाळाच्या आंघोळीला घेतो तेवढं कोमट पाणी घेतलं आणि तिला पोटापर्यंत बुडेल अशी वीस-पंचवीस मिनिटं धरून बसवली. पाणी निवलं की गरम घालत राहिले. आधी फडफडली, मग डोळे मिटून स्वस्थ झाली. ऊब लागली की आतले स्नायू सैल पडतात. नंतर टॉवेलने टिपून वाटेला आतबाहेर खोबरेल लावलं. जनावरांना देतात ते पातळ कॅल्शियम डॉक्टरांना विचारून एक मिली दिलं, चोचीच्या कडेवर थेंब थेंब, म्हणजे श्वासनळीत जात नाही. डोस तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. स्नायूला जोर करायलाही कॅल्शियम लागतं, म्हणून हे महत्त्वाचं. मग गवत घातलेल्या खोक्यात, अंधाऱ्या उबदार खोलीत, पाण्याची वाटी ठेवून एकटी सोडली. घरातल्या पोरांना डोकावू दिलं नाही. दोन तासांनी पाहिलं, काही नाही. पुन्हा शेक, पुन्हा तेल. दिवेलागणीला खोक्यात अंडं होतं, मोठं, दोन बलकांचं.

दोन-तीनदा शेकूनही अंडं आलं नाही, किंवा कोंबडी मान टाकायला लागली, तर रात्र काढू नका. एक-दोन दिवसांत ती दगावू शकते. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या किंवा 1962 वर फोन करा. अंडं फोडून काढायची वेळ आलीच तर ते काम डॉक्टरांचं.

कधी जोर करून करून अंगच बाहेर येतं, लाल मांस लोंबतं. तिला त्याच मिनिटाला वेगळी करा. बाकीच्या कोंबड्या लाल दिसलं की टोचतात आणि आतडी ओढून काढतात. कोमट मिठाच्या पाण्याने धुऊन पिठीसाखर किंवा मध लावा, सूज उतरते. मग तेलाच्या बोटाने हळूहळू आत सारा. आठवडाभर अंधारात आणि नुसत्या दाण्यावर ठेवा, म्हणजे अंडी थांबून आतल्या अंगाला विसावा मिळेल. तरी पुन्हा पुन्हा बाहेर यायला लागलं तर ती कोंबडी अंड्यासाठी ठेवू नये.

पोट फुग्यासारखं मऊ, पाणी भरल्यासारखं लागलं तर शेकून उपयोग नाही. बलक पोटात सांडून आत बिघाड झालेला असू शकतो. यात थोड्याच वाचतात. डॉक्टरांनी औषध दिलं तर किती दिवस अंडी खायची नाहीत तेही तिथेच विचारून घ्या.

बिनकवचाचं, पापडीसारखं अंडं दिसलं तर ती पुढच्या अडण्याची सूचना समजा. अंडं तयार व्हायला साधारण पंचवीस तास लागतात, त्यातले वीसेक तास कवचाचे, आणि त्यातला मोठा भाग रात्री. म्हणून मी शिंपल्यांचा चुरा संध्याकाळी वेगळ्या वाटीत ठेवते. आमच्याकडे तिसऱ्या (शिंपल्यातले मासे) केल्या की शिंपले फेकत नाही. धुऊन, चुलीत भाजून, पाट्यावर जाडसर कुटते. खाद्यात मिसळत नाही, ज्या कोंबडीला हवं ती खाते. कोंबड्याला आणि अजून अंडी न घालणाऱ्या लहान तलंगांना एवढं कॅल्शियम चांगलं नाही. समुद्र लांब असेल तर अंड्याची टरफलं भाजून, ओळखू येणार नाहीत इतकी बारीक करा, नाहीतर कोंबड्या अंडी फोडायला शिकतात.

उन्हाळ्यात कोंबडी धापा टाकते तेव्हाही कवच पातळ होतं. तेव्हा माठातलं गार पाणी, सावली, आणि दुपारऐवजी पहाटे खाद्य. पण एकाच वेळी चार-पाच कोंबड्या वेडीवाकडी, पातळ अंडी घालायला लागल्या, सोबत शिंका किंवा माना वळल्या, तर तो मानमोडीसारखा (राणीखेत) रोग असू शकतो. तिथे शिंपले पुरत नाहीत, दवाखाना गाठा.

थोड्या कोंबड्या असल्या की कुठलं अंडं कुणाचं ते ओळखू येतं. काळीचं लांबट, कावेरीचं तपकिरी, एका गिरिराजचं ठिपक्यांचं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी रोज पेन्सिलने खुणा करते. नेमाने घालणारीची शेवटची खूण दोन दिवसांपूर्वीची दिसली की संध्याकाळी खुराडं लावायच्या आधी तिला हातात घेते.