गोव्याच्या वाटाघाटींवर लिहिताय? या चुका टाळा

डिसेंबर लागला की गोवामुक्तीवरचे निबंध तपासायला येतात. सनावळीतल्या चुका मी फारशा मनावर घेत नाही. पण 'चौदा वर्षांच्या वाटाघाटी निष्फळ ठरल्या' हे वाक्य दिसलं की लाल पेन उचललंच जातं.

अहो, फिसकटायला आधी वाटाघाटी सुरू तर व्हायला हव्यात! २७ फेब्रुवारी १९५० रोजी भारताने पोर्तुगालला कळवलं: तुमच्या इथल्या वसाहतींच्या भवितव्यावर बोलू या. जूनमध्ये उत्तर आलं, हा विषय चर्चेचा नाहीच. पुढच्याच वर्षी लिस्बनने, म्हणजे पोर्तुगाल सरकारने, राज्यघटना बदलली आणि वसाहतींचे 'सागरपार प्रांत' झाले. मेख या शब्दातच आहे. वसाहत म्हटली तर ती कधीतरी सोडावी लागेल, हे ओघानेच येतं. प्रांत म्हटलं की पणजी आणि पोर्तुगालमधलं पोर्तो शहर एकाच माळेचे मणी. मग बोलायचं कशावर? जून १९५३मध्ये भारताने लिस्बनमधली वकिलात बंद केली. तेव्हा 'निष्फळ' खोडा, 'पोर्तुगालने नाकारल्या' लिहा.

गोव्याशी तुलना करताना लिहिलं जाणारं 'फ्रेंचांनी १९५४मध्ये पुदुच्चेरी दिली' हेही अर्धंच. पुदुच्चेरीजवळच्या कीळूर गावी १७८पैकी १७० लोकप्रतिनिधींनी विलीनीकरणाला कौल दिला, १ नोव्हेंबरला कारभार भारताकडे आला, हे खरं. पण तह झाला १९५६मध्ये आणि कायदेशीर हस्तांतर १६ ऑगस्ट १९६२ला, म्हणजे गोव्यात तिरंगा फडकल्यानंतर!

हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयातला गोवा-प्रकरणाशी जोडलेला खटला कोणी जिंकला, यावर तर दोन्हीकडचे लोक छातीठोक बोलतात. १२ एप्रिल १९६०च्या निकालाने भारतीय प्रदेशाने वेढलेल्या दादरा-नगर हवेली या पोर्तुगीज ताब्यातल्या भागात जाण्यासाठी खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यापुरता पोर्तुगालचा वाटेचा हक्क मानला. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रांना नाही. शिवाय १९५४मध्ये वाट अडवून भारताने कर्तव्यभंग केला नाही, असंही म्हटलं. दोन्ही भाग लिहा, एकच उचलू नका.

१८ डिसेंबर १९६१चा सुरक्षा परिषदेतला ठराव बहुमताने पडला, असंही वाचायला मिळतं. उलट आहे. भारताला गोव्यातून सैन्य मागे घ्यायला सांगणाऱ्या त्या ठरावाच्या बाजूने सात मतं होती, विरोधात चार. तो अडला सोव्हिएत नकाराधिकाराने.

आणि सनावळीचा तक्ता १९६१वर संपवू नका. पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं ते ३१ डिसेंबर १९७४च्या तहाने, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने उभी केलेली राजवट कोसळल्यावर.