संशयास्पद दिसणाऱ्या लिंकची गंमत करताय? या चुका टाळा

लिंक छोटी करून देणारी टूलं आता कुणाला नवीन नाहीत. टायनीयूआरएल २००२ पासून आहे. याच्या बरोबर उलटं काम करणारी टूलंही आहेत. पूर्वी शेडीयूआरएल होतं, नंतर व्हेरीलेजिट आलं, आणि अशी आणखी बरीच येत-जात असतात. तुम्ही पोह्यांच्या रेसिपीची सरळ लिंक द्यायची आणि बदल्यात 'फुकट-बिटकॉइन/पासवर्ड_चोर_फायनल२.ईएक्सई' असलं काहीतरी घ्यायचं. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. उघडलं तर पोहेच.

आत खरं तर काहीच नसतं. ब्राउझर तो भयंकर पत्ता मागतो, सर्व्हर सांगतो 'ते इथे नाही, तिकडे बघ', आणि ब्राउझर मुकाट्याने तिकडे जातो. एवढ्या साध्या गोष्टीत लोक किती घोळ घालतात, ते मी गेली काही वर्षं बघतोय. एका मध्यम ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळतो, त्यामुळे हे घोळ शेवटी माझ्याच टेबलावर येतात.

ऑफिसच्या मेलवर पाठवणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. ती करणारा प्रत्येक जण मला म्हणतो, 'सर, पण लिंक तर हार्मलेस होती.'

आमच्याकडे अकाउंट्सला एक नवा मुलगा लागला होता. हुशार, पण उतावळा. ३१ मार्चला सगळं खातं रात्री अकरापर्यंत बसलं होतं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी मिसळ मागवायची ठरली आणि ऑर्डर घ्यायचं काम याच्याकडे आलं. एक एप्रिल म्हणून पठ्ठ्याने मिसळीच्या फॉर्मची लिंक असल्या टूलमधून काढली आणि सकाळी साडेनऊला सगळ्या स्टाफला मेल केली. विषय काय, तर 'तातडीचे'. मिसळीचा उल्लेख कुठेच नाही, नाहीतर गंमत फुटली असती ना!

मेल फिल्टर माणसासारखा हसत नाही. तो लिंक वाचतो, बऱ्याचदा स्वतः उघडून बघतो. त्याने निम्म्या मेल अडवल्या आणि मला सूचना धाडली की तुमच्या आतल्याच खात्यातून फिशिंग चाललंय. आतलं खातं म्हटल्यावर मी पहिली शंका काय घेणार? याचा पासवर्ड गेला. खातं बंद केलं, पासवर्ड बदलला, लॉग उघडला.

तेवढ्यात अकाउंट्समधून आरडाओरडा. तिथल्या सीनियर मॅडमनी लिंकवर क्लिक केलं होतं, पत्ता वाचला आणि कॉम्प्युटरची नेटवर्क केबल सरळ उपटून काढली. हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडं, एंट्री अर्धवट. कंपनीची डेटा फाइल बिघडली. बॅकअप आदल्या रात्री साडेनऊचा होता. म्हणजे साडेनऊ ते अकरा, वर्षअखेरीच्या दीड तासाच्या एंट्र्या पुन्हा मारायच्या.

मॅडमना मी काय बोलणार? 'शंका आली की आधी केबल काढा, मग मला फोन करा' हा कागद मीच त्यांच्या मॉनिटरला चिकटवला होता. त्यांनी अक्षरशः तेवढंच केलं. साठ जणांत तो कागद वाचलेली ती एकच व्यक्ती निघाली.

फॉर्म शेवटी दोघांनीच भरला. त्यातला एक तो स्वतः.

तेव्हापासून माझा नियम असा: असली लिंक ऑफिसच्या मेलवर, ऑफिसच्या चॅटवर, ऑफिसच्या लॅपटॉपवरून पाठवायची नाही. पाठवून बसला असाल तर पुढचे हसण्याचे इमोजी टाकण्याआधी कॉम्प्युटरवाल्याला फोन करा. फोनच, मेल नाही. त्याने तुमचं खातं आधीच बंद केलेलं असतं.

माणूस चुकीचा निवडणं

यातली गंमत क्लिक करण्यात नाही, लिंक वाचण्यात आहे. आणि बहुतेक लोक लिंक वाचतच नाहीत. माझ्या मावशीला मी एकदा अशी लिंक पाठवली. तिने शांतपणे उघडली आणि 'पोह्यात बटाटा आम्ही नाही घालत' असं उत्तर दिलं. पत्त्यात 'व्हायरस' हा शब्द तीनदा होता. याच्या उलट आमच्या आत्या. त्या वाचतात, आणि घाबरतात. त्यांनी सरळ १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला. त्या नंबरवर खरोखर पैसे गेलेले लोक रांगेत असतात, हे नंतर मला त्यांनीच सुनावलं.

तेव्हा लिंक वाचणारा आणि तुमचा स्वभाव ओळखणारा, असा माणूस हवा. असे माझ्या फोनमध्ये चार आहेत. सोसायटीच्या ग्रुपवर तर एकही नाही, तिथे पाठवूच नका.

याच कारणाने बँक, केवायसी, वीजबिल, आरटीओ चलान, लग्नपत्रिका हे शब्द गमतीच्या लिंकमध्ये नकोत. चलान आणि लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सॲपवर आलेल्या एपीके फाइलींनी, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणाऱ्या फाइलींनी, खऱ्या लोकांची खाती रिकामी केली आहेत. त्यांच्यापुढे तुमची गंमत म्हणजे तीच फसवणूक, फक्त पैसे न नेलेली. 'फुकट-उडती-सतरंजी' लिहा की! हसूही जास्त येतं.

व्हॉट्सॲपचा प्रिव्ह्यू विसरणं

नवख्यांची ठरलेली चूक. लिंक केवढी भीषण, आणि तिच्या डोक्यावर प्रिव्ह्यूच्या चौकटीत पिवळ्याधमक पोह्यांचा फोटो, वर कोथिंबीर. व्हॉट्सॲप लिंकच्या मागे मागे जाऊन शेवटच्या पानाचं नाव आणि चित्र उचलतं, त्याला काय माहीत तुम्ही चेष्टा करताय. पाठवण्याआधी प्रिव्ह्यूच्या कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारा. मी आधी स्वतःलाच पाठवून बघतो. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण अर्धा मिनिट थांबेल तो नवखा कसला.

पहिल्याच आठवड्यात स्वतःचं टूल

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, त्यातली ही गत. इथे मात्र मी दुसऱ्याला हसू शकत नाही, कारण हे मीच केलंय.

वीस ओळींचा कोड. पत्त्याच्या शेवटी 'कुठे=' असं लिहून पुढे जे पान द्याल तिथे माझा सर्व्हर पाठवून देणार. डेटाबेस नको, यादी नको. एका संध्याकाळीच झालं म्हणून मी फार खूश होतो. असा कुणालाही, कुठेही पाठवणारा उघडा दरवाजा खऱ्या चोरांना हवाच असतो. पत्ता तुमचा, पान त्यांचं. तिसऱ्या आठवड्यात लॉगमध्ये मी कधीच न दिलेली ठिकाणं दिसायला लागली. मी ते 'उद्या बघू' म्हटलं. त्या उद्याच्या आधीच क्रोमने माझ्या डोमेनवर, म्हणजे साइटच्या पत्त्यावर, लाल पान लावलं.

आणि त्याच डोमेनवर एका कोपऱ्यात माझ्या साडूच्या डब्यांच्या व्यवसायाचं पान होतं. आठवड्याचा मेनू बघायला येणाऱ्या गिऱ्हाइकांना अख्खा लाल पडदा दिसायचा: पुढे धोका आहे. कोड दुरुस्त करून गूगलकडे पुन्हा तपासणीची विनंती केली, तरी ते पान निघेपर्यंत चार दिवस गेले. साडू अजून पंक्तीत आग्रह करताना म्हणतो, 'घ्या, धोका नाही.'

आता माझ्याकडे एक साधी यादी आहे. त्यात मी हाताने घातलेली पंचवीसेक पानं आहेत, त्यांच्याबाहेर सर्व्हर कुणाला नेत नाही. आणि डोमेन वेगळं घेतलंय, ज्यावर दुसरं काहीही नाही. लोक म्हणतात, हे तर फार मर्यादित झालं. होऊ दे.

याच कोडमधली आणखी एक खोड: रीडायरेक्टला, म्हणजे सर्व्हरच्या त्या 'तिकडे बघ'ला, ३०१ हा आकडा लावणं. ३०१ म्हणजे 'कायमचं हललंय'. ब्राउझर ते लक्षात ठेवतो, मग तुम्ही सर्व्हरवर काहीही बदला, तो तुम्हाला विचारायलाच येत नाही आणि जुन्याच पानावर जातो. ३०२ लावा, म्हणजे 'तात्पुरतं हललंय'. बदल दिसत नाही म्हणून रात्री दोनपर्यंत कोडमध्ये चूक शोधत बसलेला माणूस तुमच्याशी बोलतोय. जुनं काही लक्षात न ठेवणारी इन्कॉग्निटो विंडो उघडली आणि सगळं बरोबर होतं.

बाकीच्या, पटपट

भयंकर केलेली लिंक पुन्हा छोटी करून पाठवू नका, भयंकर भाग झाकला गेल्यावर उरलं काय?

गूगल डॉक किंवा ड्राइव्हची खासगी लिंक असल्या टूलला देऊ नका, ती अनोळखी माणसाच्या सर्व्हरवर साठते.

शेवटी '.एपीके' किंवा '.ईएक्सई' लावणाऱ्या टूलने काही अँटिव्हायरस खवळतात, तेव्हा त्यांना शिव्या घालू नका, ते त्यांचं काम करतायत.

आणि अशी लिंक छापायची नाही. क्यूआर कोड करून पत्रिकेवर, फ्लेक्सवर, कुठेच नाही. हौशी टूल कधीही बंद पडतं. गूगलसारख्या गूगलने आपल्या लिंक-छोट्या-करणाऱ्या सेवेत ३० मार्च २०१९ नंतर नव्या लिंक घेणं थांबवलं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वापरात नसलेल्या जुन्या लिंकही मारल्या. बंद पडलेलं डोमेन उद्या कुणीही विकत घेऊ शकतं, आणि तुमच्या पत्रिकेवरचा क्यूआर मग कुठे नेईल हे त्याच्या हातात.

मला हल्ली लहर आली तर मी टूल वापरतच नाही. मराठी विकिपीडियावरचं 'पुणे' हे पान उघडायचं, पत्ता कॉपी करायचा आणि चिकटवायचा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह पत्त्यात नऊ अक्षरांचं होतं, म्हणजे 'पुणे' या चार चिन्हांची छत्तीस अक्षरं: %ई०%ए४%एए%ई०%ए५%८१ आणि पुढे तसंच. परवा हे त्या चौघांपैकी एकाला पाठवलं. पाच मिनिटांनी त्याचा फोन: 'तुझा नंबर हॅक झालाय का रे?'