या चुका टाळा: फर्नेसला ह्युमिडिफायर आणि स्मार्ट थर्मोस्टॅट जोडताना

हिवाळा लागला की न्यू जर्सी, मिशिगन, टोरांटोकडच्या मराठी घरांत त्याच तक्रारी सुरू होतात. मुलांच्या नाकातून रक्त येतं, ओठ फुटतात, तबला चढून बसतो. मग फर्नेसवर बायपास ह्युमिडिफायर, म्हणजे डक्टमधल्या गरम हवेत ओलावा मिसळणारं यंत्र, बसवायचं ठरतं. डक्ट कापणं, पाण्याची नळी आणणं ही कष्टाची कामं लोक नीट करतात. घोळ होतो तो शेवटच्या दोन वायरींत, कारण तोवर संध्याकाळ झालेली असते आणि एकदाचं चालू करून बघायची घाई असते.

सगळ्यात महाग चूक म्हणजे फर्नेसच्या कंट्रोल बोर्डावर ‘हम’ (HUM) लिहिलेलं दिसलं की ह्युमिडिफायरची वायर तिथे खोचणं. ह्युमिडिफायरचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी सोडणारा विजेचा झडप-नळ, २४ व्होल्ट एसीवर चालतो. ‘हम’ मात्र काही फर्नेसमध्ये २४ व्होल्ट देतं आणि काहींत चक्क १२० व्होल्ट. साधारणपणे आर (२४ व्होल्टचा पुरवठा), सी (परतीची वायर), डब्ल्यू (हीटची मागणी) या स्क्रूंच्या रांगेतलं ‘हम’ २४ चं असतं, आणि बोर्डाच्या दुसऱ्या बाजूला, ब्लोअरच्या जाड वायरींजवळची पाव इंची चपटी पिन १२० ची. तरी अंदाजावर जाऊ नका. फर्नेसच्या दाराच्या आतल्या बाजूला वायरिंगचा नकाशा चिकटवलेला असतो. तो वाचा, मग मीटर लावा.

मिशिगनमधल्या एका घरात झालं ते अगदी नमुनेदार आहे. सोलेनॉइडची एक वायर चपट्या पिनेवर गेली, दुसरी सी वर. फर्नेस पेटली आणि काही मिनिटांत तळघरात जळक्या वार्निशचा वास भरला. कॉइल काळी पडून फुगली होती. घरमालकांना वाटलं, मालच खराब आला. त्यांनी नवी कॉइल मागवली, तशीच जोडली, तीही गेली. तिसरी मागवण्याआधी मीटर लावला तेव्हा पिनेवर ११९ व्होल्ट दिसले. बऱ्याच बोर्डांवर सी अर्थला जोडलेला असतो, त्यामुळे ते सगळे व्होल्ट २४ च्या कॉइलवर पडतात. दोन कॉइलींवर निभावलं, बोर्डही जाऊ शकला असता.

१२० ची पिन वाया घालवू नका, तिचा खरा उपयोग वेगळा आहे. ह्युमिडिफायरच्या स्वतःच्या ट्रान्सफॉर्मरची १२० ची बाजू त्या पिनेला आणि न्यूट्रलला जोडायची. २४ ची बाजू थर्मोस्टॅटच्या कॉन्टॅक्टमधून सोलेनॉइडला न्यायची. मग फर्नेस हीट देत असतानाच ह्युमिडिफायरला वीज मिळते आणि थंड हवेत पाणी नुसतं गटारात जात नाही.

दुसरी चूक वरच्या टोकाला, थर्मोस्टॅटपाशी होते. हनीवेल टी१० थर्मोस्टॅटचे यू-यू आणि इकोबी थर्मोस्टॅटचे एसीसी प्लस व एसीसी मायनस हे टर्मिनल दोन वायरींच्या मांडणीत वीज देत नाहीत. ते नुसते स्विच आहेत, भिंतीवरच्या दिव्याच्या बटणासारखे. वर्तुळ असं पुरं होतं: फर्नेसच्या आर मधून स्विच, स्विचमधून सोलेनॉइड, सोलेनॉइडमधून परत सी. लोक सोलेनॉइडच्या दोन्ही वायरी थेट यू-यूला लावतात. काहीच होत नाही. मग ‘वीज पोचत नसेल’ म्हणून आर आणि सी दोन्ही यू-यूवर आणतात. आर्द्रतेची मागणी आली की थर्मोस्टॅटमधला रिले (आतला स्विच) जोडला जातो, आर थेट सी ला भिडतो आणि बोर्डावरचा जांभळा ३ अँपचा किंवा फिकट तपकिरी ५ अँपचा फ्यूज उडतो. थर्मोस्टॅटचा पडदा काळा होतो आणि बिचारा चांगला थर्मोस्टॅट दुकानात परत जातो. पडदा गेला की आधी तो फ्यूज बघा. गाडीत असतो तसलाच असतो, दोन-चार जादा आणून ठेवा. वायरिंग न सुधारता जास्त अँपचा फ्यूज घालणं म्हणजे ट्रान्सफॉर्मर जाळायची तयारी.

इकोबीत एक वायरचीही सोय आहे. मेनूत एकच वायर निवडली की एसीसी प्लसमधून २४ व्होल्ट येतात. ती वायर सोलेनॉइडला, आणि सोलेनॉइडची दुसरी वायर फर्नेसच्या सी ला. मेनूत एक आणि भिंतीत दोन, असं मात्र चालत नाही. नेस्ट लर्निंग थर्मोस्टॅटच्या तिसऱ्या पिढीत चांदणीच्या खुणेचं टर्मिनलही असंच वीज देतं. तिथे ह्युमिडिफायरला वेगळा ट्रान्सफॉर्मर असेल, तर मध्ये २४ व्होल्ट कॉइलचा आयसोलेशन रिले (दोन्ही सर्किटं वेगळी ठेवणारा स्विच) घाला. दोन ट्रान्सफॉर्मर एकमेकांत मिसळू नका.

फर्नेसचा ट्रान्सफॉर्मर बहुधा ४० व्हीएचा (व्होल्ट गुणिले अँप) असतो. अर्धा अँप घेणारा व्हॉल्व्ह त्यातले १२ व्हीए खातो. बाकीचा हिशेब आधी करा.

दार उघडं असताना मीटर शून्य दाखवतो, कारण दाराचा सेफ्टी स्विच वीज तोडतो. तपासण्यापुरता तो दाबून धरा. टेप लावून ठेवू नका.

पाण्यासाठी नळीला भोक पाडून बसणारा सॅडल व्हॉल्व्ह वापरू नका. तो तुंबतो आणि गळतो. टी जोडून पाव इंची बॉल व्हॉल्व्ह बसवा, दहा मिनिटं जास्त लागली तरी.

उन्हाळ्यात बायपासचा डॅम्पर (हवेची झडप) बंद, हिवाळ्यात उघडा. वॉटर पॅनल, म्हणजे पाणी झिरपणारी आतली जाळी, दर हंगामाला नवा.

थर्मोस्टॅट स्वयंपाकघराला लागून असेल, तर कुकरच्या वाफेने त्यातलं आर्द्रतेचं वाचन वर जातं आणि ह्युमिडिफायर मध्येच थांबतो. बेडरूममध्ये मग घसा कोरडाच.

सेटिंगचं तर लोक ऐकतच नाहीत. ४५ टक्के लावून मोकळे होतात. बाहेर २० फॅरनहाइट असेल तर ३५ टक्के, शून्य फॅरनहाइटला २५, उणे वीसला १५. त्याहून जास्त ठेवलं तर काचेवर पाणी सुटतं, रात्रीत ते गोठतं, सकाळी वितळून लाकडी चौकटीत मुरतं आणि मार्चपर्यंत कोपऱ्यात काळी बुरशी धरते. इकोबीत फ्रॉस्ट कंट्रोल आहे, तो चालू करा, खिडक्यांची प्रत खरी भरा.

शेवटी तपासताना हीट मागवा आणि आर्द्रतेचं सेटिंग चालू वाचनापेक्षा वर न्या. सोलेनॉइडच्या दोन टोकांवर २४ ते २८ व्होल्ट यायला हवेत आणि व्हॉल्व्हचा टक्क आवाज यायला हवा. थोड्या वेळात ड्रेनच्या नळीतून बारीक धार पडेल. फ्लो-थ्रू, म्हणजे जादा पाणी वाहू देणाऱ्या, ह्युमिडिफायरमध्ये ती असायचीच, गळती समजून नळ बंद करू नका.