जावातील बाउंडेड वाइल्डकार्ड कसे समजून घ्यावे

जावामध्ये जेनेरिक्स, म्हणजे यादीत कोणत्या प्रकारचे घटक बसतील हे कोनी कंसात सांगण्याची सोय, २००४ साली, पाचव्या आवृत्तीबरोबर आले आणि वाइल्डकार्ड, म्हणजे त्या प्रकाराच्या जागी लिहिलेले प्रश्नचिन्ह, हेही त्याच वेळी आले. जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या महाविद्यालयांत जावा शिकणारी मुले ‘लिस्ट<टी>’ लवकर आत्मसात करतात, पण प्रश्नचिन्हापुढे ‘एक्स्टेंड्स’ किंवा ‘सुपर’ लिहून त्याला सीमा घातलेली (बाउंडेड) दिसली की नियम पाठ करू लागतात. तसे करण्याची गरज नाही. यादीतून माल काढायचा आहे की यादीत घालायचा आहे, एवढे आधी ठरवले की बाकीचे त्यातूनच निघते.

सुरुवातीला बाजार समितीच्या नोंदींसाठी चार क्लास लिहावेत. ‘शेतमाल’ हा मूळ क्लास, त्याचे ‘फळ’ आणि ‘कापूस’ हे सबक्लास, आणि ‘फळ’चा सबक्लास ‘केळी’. (जावात क्लासची नावे देवनागरीत चालतात; कीवर्ड मात्र रोमन लिपीतच टाइप करावे लागतात.) मग सगळ्या नोंदींचे वजन क्विंटलमध्ये मिळवणारी ‘एकूणवजन(लिस्ट<शेतमाल> यादी)’ ही मेथड लिहून तिला रावेर-यावलच्या केळीची ‘लिस्ट<केळी>’ द्यावी. कंपाइलर ती नाकारेल.

हा नकार नीट समजून घेणे हीच या विषयातली मुख्य पायरी आहे. केळी हा शेतमाल असला, तरी केळीची यादी ही शेतमालाची यादी नव्हे, कारण शेतमालाच्या यादीत कापूसही घालता येतो आणि ती मेथड तसे करू लागली, तर केळीच्या यादीत कापसाची नोंद शिरेल. ॲरेच्या बाबतीत जावा अशी देवाणघेवाण चालू देते, कारण आपल्यात कोणत्या प्रकारचे घटक बसतात हे ॲरेला प्रोग्राम चालू असतानाही माहीत असते आणि चुकीचा घटक घालताच ‘ॲरेस्टोअरएक्सेप्शन’ येते. यादीचा टाइप-पॅरामीटर (कोनी कंसातला प्रकार) मात्र कंपाइल झाल्यावर पुसला जातो, त्यामुळे ही तपासणी कंपाइलरलाच आधी करावी लागते. त्याचा कडकपणा मला अतिशय योग्य वाटतो.

आता मेथडचा पॅरामीटर ‘लिस्ट<? एक्स्टेंड्स शेतमाल>’ असा करावा. याचा अर्थ, शेतमालाच्या किंवा त्याच्या एखाद्या सबक्लासच्या, पण नेमक्या कोणत्या हे न सांगितलेल्या प्रकाराची यादी. तिच्यातून काढलेली प्रत्येक नोंद शेतमाल असणारच, म्हणून वजन विचारता येते. परंतु प्रकार अज्ञात असल्यामुळे तिच्यात ‘नल’शिवाय काहीही घालता येत नाही.

घालायचे असेल, तर सीमा खालच्या बाजूने बांधावी. ‘आवकनोंद(लिस्ट<? सुपर केळी> यादी)’ या मेथडला केळीची, फळांची, शेतमालाची किंवा थेट ‘ऑब्जेक्ट’ची यादी देता येते आणि या चारही याद्यांत केळी निर्धोकपणे बसते. काढताना मात्र हाती फक्त ‘ऑब्जेक्ट’ येतो.

या दोन्ही सीमा एकत्र पाहायच्या असतील, तर जावाच्या लायब्ररीतली ‘कलेक्शन्स.कॉपी’ ही मेथड उघडून पाहावी. तिथे ज्या यादीत घालायचे ती ‘? सुपर टी’ आणि जिच्यातून घ्यायचे ती ‘? एक्स्टेंड्स टी’ अशी लिहिलेली आहे. ‘लिस्ट’च्या ‘सॉर्ट’ मेथडला ‘कंपॅरेटर<? सुपर ई>’ लागतो, तोही याच कारणाने: कंपॅरेटर आपल्याकडे घटक घेतो, म्हणून शेतमालाची वजनानुसार तुलना करणारा एकच कंपॅरेटर केळीची यादीही लावून देतो.

एकाच यादीतून काढायचेही असेल आणि तिच्यात घालायचेही असेल, तर वाइल्डकार्ड सोडून नेमका प्रकार लिहावा. मेथडच्या परतीच्या प्रकारातही ते शक्यतो टाळावे, नाहीतर त्या अज्ञात प्रकाराचा भार मेथड वापरणाऱ्या प्रत्येकाच्या कोडवर पडतो.

शेवटी ‘लिस्ट<कापूस>’ आणि ‘लिस्ट<ऑब्जेक्ट>’ या दोन याद्या आपल्या दोन्ही मेथडना देऊन पाहाव्यात, पण कंपाइल करण्याआधी उत्तर कागदावर लिहावे. कापसाची यादी ‘एकूणवजन’ स्वीकारते आणि ‘आवकनोंद’ नाकारते. ‘ऑब्जेक्ट’च्या यादीच्या बाबतीत नेमके याच्या उलट घडते.