भात, चहा, आंबा आणि वामकुक्षी: साखर वाढवणाऱ्या कोकणातल्या खोडी

कोकणात भात सोडा म्हटलं तर कोणी ऐकत नाही, आणि सोडायची गरजही नाही. घोटाळा होतो तो 'अजून एक मूद वाढ' इथे. आधी आमटीभात, मग कालवणभात, शेवटी सोलकढीभात, असं करत तीन-चार वाट्या सहज होतात. शिजलेल्या 100 ग्रॅम भातात, म्हणजे साधारण एका वाटीत, 28 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात आणि पोटात गेल्यावर त्यांची साखरच होते. तिन्ही भात हवेतच, तर तिन्ही मिळून दीड वाटीत बसवा. उकडा तांदूळ सुरयपेक्षा (न उकडलेल्या तांदळापेक्षा) बरा, पण तोही डोंगराएवढा घेतला की फायदा गेला.

जेवायचा क्रमही बदला. आधी टाकळ्याची किंवा शेगलाची (शेवग्याच्या पाल्याची) भाजी, कुळथाची उसळ, बांगडा, भात शेवटी. भाजीतला चोथा आणि माशातली प्रथिनं आधी गेली की साखर रक्तात हळू चढते. उलट सकाळी नुसती पेज-लोणचं घेतलं तर तांदूळ इतका शिजलेला असतो की पचायला वेळच लागत नाही. पेज एक वाटी, आणि सोबत मुगाची उसळ किंवा उकडलेलं अंडं.

जेवून लगेच आडवं होऊ नका. हात धुतल्यावर अर्ध्या तासाच्या आत 10 ते 15 मिनिटं चाला. चालणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. पावसात खळ्यात जाता येत नसेल तर पडवीत फेऱ्या मारा. वामकुक्षी त्यानंतर.

चहाचा हिशेब सहसा कोणी करत नाही. पाच कप, प्रत्येकी दोन सपाट चमचे: 40 ग्रॅम साखर, वर बुडवलेले बटर-टोस्ट वेगळेच. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा, जीभ सवयीला येते. गूळ घातला म्हणून सुटका नाही, साखर तिथेही आहेच. अमृत कोकमाऐवजी आगळ (कोकमाचा बिनसाखरेचा, खारवलेला रस), पाणी आणि जिरं घ्या. रक्तदाब असेल तर आगळातलं मीठ लक्षात ठेवा.

हापूस कापून खा, अर्धा, आणि त्या जेवणात भात कमी करा. रस काढला की दोन-तीन आंबे कधी गेले कळत नाही. उपासाची साबुदाण्याची खिचडीही जवळजवळ निव्वळ पिष्टच. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास करू नका. रक्तातली साखर 70 mg/dL च्या खाली गेली तर घाम, थरथर सुटते, आणि तेव्हा मात्र तीन-चार चमचे साखर पाण्यातून लगेच घ्यावी लागते.

उपाशीपोटी रक्तातली साखर 100 ते 125 म्हणजे मधुमेहाच्या धोक्याची घंटा. 126 किंवा जास्त आली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयोगशाळेत तपासून घ्या. घरच्या यंत्रावर तपासताना आंबा सोललेल्या बोटाला सुई टोचू नका. सालीचा रस बोटावर राहिला तर आकडा खोटाच फुगतो, म्हणून साबणाने धुऊन बोट कोरडं करा. पावसाळ्यात पट्ट्यांच्या डबीचं झाकण पट्टी काढताच लावा, दमट हवेने पट्ट्या बिघडतात.