रिफाम्पिसिन घेताना: उपाशीपोटी, रोज, न चुकता

क्षयरोगाच्या गोळ्या सुरू झाल्या की काही तासांतच लघवी नारिंगी-लाल होते. ते रक्त नव्हे, त्या गोळ्यांतल्या रिफाम्पिसिन या औषधाचा रंग. घाम आणि अश्रूही रंगतात, मऊ कॉन्टॅक्ट लेन्सवर कायमचे डाग पडतात, म्हणून उपचार संपेपर्यंत चष्मा वापरा.

गोळ्या सकाळी उपाशीपोटी, जेवणाआधी 1 तास किंवा नंतर 2 तासांनी घ्याव्यात. अन्नासोबत रिफाम्पिसिन कमी शोषलं जातं. मळमळ फारच होत असेल तर डॉक्टरांना विचारून थोडं खाऊन घ्या, पण गोळी टाळू नका. अ‍ॅसिडिटीचं औषध या गोळ्यांनंतर निदान तासाभराने.

नेहमीच्या क्षयरोगात सहसा 2 महिने चार औषधं, मग 4 महिने तीन. एकत्रित गोळ्यांची (एकाच गोळीत अनेक औषधं) संख्या वजनावर ठरते: 50 ते 64 किलोला रोज 4. वजन वाढलं तरी मात्रा स्वतः बदलू नका.

दुसऱ्या महिन्यात खोकला थांबतो, भूक लागते आणि नेमकी तिथेच अनेकजण औषध सोडतात. उरलेले जंतू मग औषधाला दाद देत नाहीत. मध्येच सोडून पुन्हा सुरू केल्यास रिफाम्पिसिनची ताप-थंडीसारखी, क्वचित गंभीर प्रतिक्रियाही येते.

गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन, मधुमेहाची काही औषधं यांचा परिणाम रिफाम्पिसिनमुळे घटतो. चालू असलेलं प्रत्येक औषध डॉक्टरांना दाखवा. दारू पूर्ण बंद. डोळे पिवळे झाले, सतत उलट्या झाल्या किंवा नजर धूसर झाली, लाल-हिरव्यातला फरक कळेना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.