‘वेळ मिळाला की बघून घे’ : न्यूरोडायव्हर्जंट सहकाऱ्यांची टीम सांभाळताना या चुका टाळा

गुरुवारी दुपारी माझ्या टीममधल्या एका सॉफ्टवेअर टेस्टरच्या डेस्कपाशी थांबून मी म्हणाले, “तो रिपोर्ट जरा बघून घे ना, वेळ मिळाला की.” सोमवारी क्लायंटचा कॉल आला तरी रिपोर्ट तयार नव्हता. विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, “वेळ मिळाला नाही. माझ्याकडे सात टिकिटं होती.” (टिकीट म्हणजे सिस्टिममध्ये नेमून दिलेलं काम.) मी मनातल्या मनात चडफडले आणि अप्रेझलच्या वहीत ‘इनिशिएटिव्ह नाही’ असं खरडून ठेवलं.

आपण ऑटिझम स्पेक्ट्रमवर आहोत, हे त्याने स्वतःहून मला सांगितलं ते आठ महिन्यांनी. (ऑटिझम, एडीएचडी, डिस्लेक्सिया असे ज्यांच्या मेंदूचं काम जरा वेगळ्या पद्धतीने चालतं, त्यांना न्यूरोडायव्हर्जंट म्हणतात.) तेव्हा ती वही आठवली आणि लाज वाटली. खरं तर तो माझं बोलणं तंतोतंत पाळत होता. पुण्याच्या ऑफिसात ‘वेळ मिळाला की’चा अर्थ ‘आज संध्याकाळपर्यंत’ असा असतो, हे बाकीच्यांनी आपलं आपण ओळखलं होतं. त्याने मात्र मी जे बोलले तेच ऐकलं.

पहिली चूक : मोघम बोलणं. सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात, म्हणून यावर जरा जास्तच लिहिते. आपलं मराठी ऑफिस चालतं ‘बघू’, ‘करून टाक’, ‘जमलं तर’, ‘लवकर दे’ यांवर. थेट हुकूम सोडणं उद्धट वाटतं, म्हणून आपण काम विनंतीत गुंडाळून देतो आणि समोरच्याने ते गुंडाळलेलं सोडवावं अशी अपेक्षा ठेवतो. ऑटिझम असलेल्या अनेकांना हे अध्याहृत अर्थ पकडणं जड जातं. एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि वेळेचं भान ठेवणं अवघड जाणं, असेल तर अडचण निराळी. ‘महिनाअखेरीस हवं’ म्हटलं की महिनाअखेर उजाडेपर्यंत ती तारीख खरीच वाटत नाही.

आता मी तोंडी बोलले तरी पाठोपाठ मेसेज टाकते : ‘लॉगिनच्या रिपोर्टमधले आकडे जुन्या रिपोर्टशी ताडून बघ. फरक असेल तर वेगळ्या शीटमध्ये लिही. शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत. यासाठी बाकीची दोन टिकिटं मागे ठेव.’ शेवटचं वाक्य गाळू नका. नवं काम देताना कोणतं जुनं काम थांबवायचं, हे सांगणं लीडचंच काम आहे. एडीएचडी असलेल्या सहकाऱ्याशी बोलून मोठ्या कामाचे तुकडे करा आणि मधल्या तारखा ठरवा. मात्र दर दोन तासांनी ‘झालं का?’ विचारायला जाऊ नका. त्याने लागलेली तंद्री मोडते आणि ती पुन्हा लागायला अर्धी दुपार जाते.

दुसरी चूक : निदान करत बसणं. रील पाहून ‘तुला एडीएचडी आहे वाटतं’ म्हणणारे मॅनेजर हल्ली बरेच भेटतात. त्यांचाच दुसरा अवतार म्हणजे ‘अगं, थोडं थोडं सगळ्यांनाच असतं’ म्हणणारे. दोघांनीही गप्प बसावं. विचारायचंच असेल तर कामाबद्दल विचारा : “काम करताना कशाचा त्रास होतो? काय बदललं तर सोपं जाईल?” हे सगळ्यांनाच विचारा, म्हणजे कुणा एकाकडे बोट जात नाही. आणि कुणी विश्वासाने काही सांगितलंच, तर ते कॅन्टीनपर्यंत पोचता कामा नये. एचआरला सांगायचं असेल तरी आधी त्या व्यक्तीला विचारा.

तिसरी चूक : गोंगाट टाळायला हेडफोन हवा म्हटलं की सर्टिफिकेट मागणं. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, 2016 मध्ये 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांची यादी आहे. त्यात ऑटिझम स्पेक्ट्रम आणि डिस्लेक्सियासारखी (वाचन-लेखन अवघड जाणारी) अध्ययन अक्षमता आहे. एडीएचडी मात्र नावानिशी नाही. काही एचआरवाले ही यादीच ढालीसारखी पुढे करतात. आता, आरक्षणासाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं हे खरं. पण वाजवी सोय, म्हणजे गरजेनुसार केलेला योग्य तो बदल, मिळण्याचा हक्क त्या 40 टक्क्यांना बांधलेला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या परीक्षेत लेखनिक मिळण्याच्या प्रकरणात स्पष्ट केलं. समान संधी धोरण तर खासगी कंपन्यांनाही जाहीर करावं लागतं. 20 किंवा जास्त कर्मचारी असतील तर कोणत्या सोयी देणार आणि त्यासाठीचा संपर्क अधिकारी कोण, हे त्यात लिहावं लागतं. तुमच्या कंपनीत ते आहे का, एकदा विचारून बघा. चेहरे बघण्यासारखे होतात.

कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब साधा आहे. कोपऱ्यातली जागा, डोक्यावरची एक ट्यूब बंद, हेडफोन, मीटिंगचा अजेंडा आदल्या दिवशी. यातल्या कशाला खर्च येतो?

‘मग त्यालाच का?’ ही कुरकुर येणारच. माझा उपाय असा की जे देता येईल ते सगळ्यांना द्यायचं. अजेंडा आधी पाठवायला लागल्यावर सगळ्यात खूश झाली ती आमची रोज लोकलने धावतपळत येणारी मुंबईची सहकारी. आता ती गाडीतच वाचून येते.

चौथी चूक : मुलाखतीत उमेदवार डोळ्यांत बघतो का, हे तपासणं. ‘नजर मिळवत नाही, आत्मविश्वास कमी’ हा शेरा मी स्वतः मारलेला आहे. टेस्टर घ्यायचा तर त्याला सदोष स्क्रीन द्या आणि चुका शोधायला सांगा. प्रश्न आधी कळवा. पाच जणांचं पॅनल समोर बसवू नका. याच्या उलट टोकाची चूकही होतेच : ऑटिझम आहे म्हणजे कोडिंगचा जादूगार असणार! काहींना कोडिंगचा मनापासून कंटाळा असतो, आणि तो असण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे.

पाचवी चूक : ऱ्हस्व-दीर्घावरून हसणं. महाराष्ट्रात अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो. तीच मुलं मोठी होऊन आपल्या ऑफिसात आली आहेत आणि वेळेची सवलत कॉलेजातच संपली आहे. ग्रुपवर ‘मिटींग कि मीटिंग?’ असले विनोद बंद करा. मिनिट्स लिहायचं काम फिरतं असेल तर ते ऐच्छिक ठेवा. लांबलचक डॉक्युमेंट मीटिंगमध्ये उघडून ‘वाचा पटकन’ म्हणू नका. वर्डमध्ये मजकूर वाचून दाखवायची सोय आहे, ती वापरायला वेळ द्या.

काम बिघडतंय असं वाटलं तर आधी स्वभावावर जाऊ नका. आठवड्यात काय बदललं ते तपासा. आमच्या त्याच टेस्टरच्या चुका एकदा अचानक वाढल्या. मी ‘घरी काही?’ वगैरे विचारून पाहिलं. मग लक्षात आलं की फॅसिलिटीवाल्यांनी त्याच्या मागे कॉफी मशीन आणून ठेवलं होतं. दिवसभर घरघर आणि गप्पा. मशीन हलवायला चार दिवस आणि तीन ईमेल लागले.

आणि लीड बदलला की ठरलेल्या सोयी हवेत विरतात, हे हमखास होतं. म्हणून त्या टेस्टरला विचारून, निदानाचा शब्दही न लिहिता, माझ्या हँडओव्हरच्या फाइलमध्ये एक ओळ टाकली आहे : ‘भिंतीकडची जागा कायम. बदलायची झाल्यास आठवडाभर आधी, लेखी कळवावे.’